‘नैराश्य म्हंजे कोन?’

(खोपोली येथे झालेल्या कार्यकर्त्या मैत्रिणींच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)

मला दिलेला विषय असा आहे: मनाच्या दुखण्यांबद्दलची जी माहिती आता फोनवर, इंटरनेटवर मिळते, ती आपल्या कर्जत-खालापूरच्या बायांच्या उपयोगी पडते का? आणि पडत नसेल तर काय करायला हवं? मी डॉक्टर नाही, मानसशास्त्रही शिकलेली नाही. वीस वर्षं वाड्या-वस्त्यांवर फिरते, बायांच्या बैठका घेते, मारहाणीच्या, दारूच्या, रेशनच्या तक्रारी लिहून देते. त्यात जे पाहिलं तेच सांगणार आहे. माझ्या हातून झालेली एक चूकही सांगणार आहे, कारण ती चूक तुमच्यापैकी कुणीही उद्या करू शकेल.

सुरुवात एका बैठकीपासून करते. पावसाळ्याआधीचे दिवस होते. एका ठाकरवाडीत समाजमंदिराच्या ओट्यावर पंधरा-सोळा जणी जमल्या होत्या. मी फोनवर एक व्हिडिओ लावला. मराठीच होता, चांगल्या हेतूने केलेला होता. पडद्यावरची बाई गोड आवाजात विचारत होती, ‘तुम्हाला नैराश्य जाणवतं का?’ पुढे बसलेल्या एका म्हातारीने माझ्याकडे बघून विचारलं, ‘नैराश्य म्हंजे कोन?’ तिला वाटलं कुणा माणसाबद्दल चाललंय.

व्हिडिओ पुढे चालू होता. पुरेशी झोप घ्या. सकाळी फिरायला जा. एखादा छंद जोपासा. स्वतःसाठी वेळ काढा. एक जण म्हणाली, ‘मी रोज फिरतेच की, डोक्यावर दोन हंडे घेऊन.’ सगळ्या हसल्या, मीही हसले. शेवटी ती बाई म्हणाली, ‘मनातलं जवळच्या माणसाशी बोला.’ तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. एकजण हळूच म्हणाली, ‘जवलचाच मारतो, त्याला काय सांगू?’

त्या दिवशी मला कळलं की मराठीत असलेली माहितीसुद्धा या बायांच्या भाषेत असेलच असं नाही.

आपले हे दोन तालुके किती तऱ्हेच्या माणसांचे आहेत बघा. डोंगरात ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि धनगर. खाली आगरी, कुणबी, मराठा, बौद्ध आणि मुसलमान. खोपोलीत १९१५ साली टाटांचं वीज केंद्र उभं राहिलं, पुढे कारखाने आले, आणि त्यांच्या मागोमाग बिहार-उत्तर प्रदेशापासून कर्नाटकापर्यंतची माणसं चाळींमध्ये राहायला आली. आता कर्जतच्या फार्महाऊसवर राखणीला राहणारी जोडपी कुठकुठल्या राज्यांतली आहेत. आपली एसटी एकच, बाजार एकच, पण दुःख सांगायची भाषा एक नाही. कुणाचा ‘जीव थाऱ्यावर नाय’, कुणाचं ‘डोस्कं भणभणतं’, कुणाचं ‘काळीज धडधडतं’, कुणाला ‘पाणी बी गोड लागत नाय’. खोपोलीच्या चाळीतली बहीण म्हणते, ‘दिल बैठ जाता है.’ तिच्यासाठी हिंदीतला व्हिडिओ लावला तर त्यात ‘अवसाद’ असा शब्द. तो तिने कधी ऐकलेला नाही, जसा आमच्या म्हातारीने ‘नैराश्य’ ऐकलेला नाही.

तुम्ही म्हणाल, शब्दांचं काय एवढं? शब्द कळला नाही तर बाईला वाटतं, हे माझ्याबद्दल नाही, दुसऱ्या कुणाबद्दल आहे. मग ती तिथेच उठून जाते. आफ्रिकेतल्या झिम्बाब्वे देशाचं उदाहरण सांगते. तिथे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारे शहरात एक काम सुरू केलं. दवाखान्याच्या आवारात एक बाकडं ठेवलं आणि वस्तीतल्याच आज्यांना शिकवून त्या बाकड्यावर बसवलं. सुरुवातीला त्या १४ जणी होत्या. तिथल्या शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे. अर्थ, फार फार विचार करत राहणं. आज्यांनी ‘डिप्रेशन’ शब्द बाजूला ठेवला आणि याच शब्दाने बोलणं सुरू केलं. आलेल्या बाईला अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता, तो तिला ठाऊकच होता. आपल्याकडेही बाई म्हणतेच ना, ‘विचार करून करून डोकं फिरायची पाळी आली’? मग आपण सुरुवात तिथूनच का करू नये?

आपल्या कर्जतमध्येच याचा पुरावा आहे. वेणगावला श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचं केंद्र आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली मुंबईत हे काम सुरू केलं, २००६ पासून ते कर्जतला आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या, घरदार हरवलेल्या मनोरुग्णांना तिथे आणतात, उपचार करतात आणि त्यांच्या घरी पोचवतात. २०१८ साली डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या कामात औषध तर लागतंच. पण देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून आलेल्या माणसाला गाव विचारायचं तर त्याच्या भाषेत विचारावं लागतं. त्याची बोली ओळखणारं कुणी भेटलं की गावाचं नाव निघतं, मग घराची वाट सापडते. भाषेचं मोल शिकायला आपल्याला फार लांब जायला नको.

आता माझी चूक.

एका वाडीतल्या बचत गटाच्या बायांचा फोनवर ग्रुप होता. त्यातली एक तरुण सून मला एकटीला गाठून म्हणाली होती, ‘ताई, रातचं झोप नाय. उगाच रडाया येतं. पोर झाल्यापासून असं व्हतंय.’ बाळंतपणानंतर असं बऱ्याच जणींना होतं, त्यावर उपचार आहेत, एवढं मला ठाऊक होतं. मी त्या विषयावरचा एक व्हिडिओ शोधला आणि तिच्या नंबरवर पाठवून दिला. खाली लिहिलं, ‘तू सांगितलंस तसंच आहे हे, बघ.’ मला वाटलं, काम झालं.

फोन तिचा नव्हता. घरात एकच फोन, तो नवऱ्याकडे. त्याने व्हिडिओ बघितला, माझं लिहिलेलं वाचलं, आईला दाखवलं. दोन दिवसांत घरात ठरलं की सून वेडी आहे, लग्नाआधी आपल्यापासून लपवून ठेवलं. तिला माहेरी धाडलं. तान्हं पोर मात्र ठेवून घेतलं. पोर तिच्या हातात परत यायला दोन महिने गेले. किती बैठका, किती हेलपाटे झाले! शेवटी ती परत नांदायला गेली, पण माझ्याशी मोकळेपणाने पुन्हा बोलली नाही. मी तिला दोष देत नाही.

मैत्रिणींनो, बायकोला वेडी ठरवून टाकून देणं आपल्याला नवीन नाही. हिंदू विवाह कायद्यात मनाचा आजार हे घटस्फोटाचं एक कारण धरलेलं आहे, आणि नुसतं चिडलेली, रडणारी, उलट बोलणारी बाईही ‘वेडी’ म्हणून कोर्टात उभी केली जाते हे आपण पाहिलंय. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांनी आयुष्यभर हाच प्रश्न लावून धरला. १९९९ साली त्यांचं भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावरचं पुस्तक आलं. २०२४ साली त्या गेल्या. त्यांच्या कामातून मी एक गोष्ट घेतली: बाईच्या मनाबद्दल बोलताना तिच्यावर कुणाची सत्ता चालते, हे आधी बघायचं. मी फोन कुणाच्या हातात आहे एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम आहे. व्हिडिओ पाठवायचा नाही, शेजारी बसून दाखवायचा. माझ्या फोनवर दाखवायचा, आणि बाई काय बोलली ते कुठल्याही फोनवर लिहायचं नाही.

हे मीच शोधून काढलं असं नाही. नाशिक जिल्ह्यात पेठ नावाचा आदिवासी तालुका आहे. तिथे २०१३ ते २०१५ या काळात ४१ गावांमध्ये ‘आत्मीयता’ नावाचं काम झालं. गावातल्याच माणसांना ऐकून घ्यायला, धीर द्यायला, गरज पडली तर दवाखान्यापर्यंत सोबत जायला शिकवलं. त्यांच्या फोनमध्ये लहान लहान फिल्मा होत्या. त्यात बेकारी होती, घरातली भांडणं होती, दारू आणि मारहाण होती. फिल्म दाखवणारं माणूस गावातलं, ओळखीचं. म्हणजे यंत्र होतंच, पण त्याच्या मागे माणूस उभं होतं. माझ्या मते सगळा फरक इथेच पडतो.

दुसरी गोष्ट खोपोलीच्या चाळीतली. बिहारकडची एक बहीण, तिला मराठी येत नाही. मदतीच्या नंबरवर बोलायचं ठरलं, तर तिचं बोलणं समजावून सांगायला दहा वर्षांची मुलगी मध्ये बसवली. बाई काय सांगणार? मुलीच्या बापाबद्दल मुलीच्याच तोंडून बोलायचं? ती म्हणाली, ‘बुखार जैसा लगता है’, आणि फोन ठेवला. पोरीला सगळं कळत होतं, तिने मान खाली घातली होती. पोरांना दुभाषी करायचं नाही, ही गोष्ट मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवली.

तिसरी गोष्ट कातकरी बायांची. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळसा पाडायला बाहेर जातात, ती पाऊस तोंडावर आला की परततात. फिट येणारं माणूस असो की भास होणारं, औषध सुरू झालं असेल तर ते भट्टीवर गेल्यावर सुटतं. आजार पुन्हा उलटतो, आणि मग लोक म्हणतात औषधाने काही होत नाही. शहरातल्या माहितीत लिहिलेलं असतं, ‘डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय औषध बंद करू नका.’ बरोबर आहे. पण जी बाई सहा महिने दवाखान्यापासून दूर असणार तिला काय सांगायचं? तिला सांगायला हवं की निघण्याआधी डॉक्टरांना भेट, किती महिन्यांसाठी चाललोय ते सांग, जास्तीची औषधं माग, आणि औषधाची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत ठेव. असा मजकूर मला कुठे तयार मिळाला नाही. आपणच तयार करायला हवा.

आणि इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ जणांचे देह मिळाले, ५७ जणांचा शोध लागला नाही, आणि २३ जुलैला शोध थांबवला. आपल्यापैकी कितीतरी जणी तेव्हा चौकला मदतीला धावल्या होत्या. डोंगराच्या कुशीतल्या बाकीच्या वाड्यांमधल्या बाया आजही पावसाच्या रात्री जाग्या बसतात. एकीने मला सांगितलं, ‘आवाज आला की मी पोरांना उठवते.’ हिला कुणी फोनवरून ‘खोल श्वास घ्या, भीतीचे विचार दूर सारा’ असं सांगितलं तर? श्वासाने थोडा वेळ बरं वाटेलही, मी नाही म्हणत नाही. पण तिची भीती हा आजार नाही, ती शहाणपणाची भीती आहे. वाडीच्या वरचा उतार सुरक्षित आहे का, हे तिला कळायला हवं. ज्याला माती देता आली नाही त्याचं दुःख कसं वागवायचं, हेही कुठल्या व्हिडिओत सांगितलेलं नाही. तिथे माणसाने माणसाजवळ बसायचं असतं.

भगताबद्दलही बोलते, कारण हा प्रश्न हमखास निघतो. फोनवरच्या माहितीत भगताला नावं ठेवलेली असतात. मग ज्या घरात भगत येतो त्या घराला आपला अपमान झाला असं वाटतं आणि फोन बंद होतो. मी विचारते, ‘भगताने काय केलं? बरं वाटलं का?’ कुणाला त्याच्या बोलण्याने धीर मिळाला असेल तर त्यावर मी भांडत नाही. सोबत डॉक्टरकडेही चल, एवढंच म्हणते. पण कुणी बाईला चटके दिले, साखळीने बांधलं, किंवा शेजारणीला चेटकीण ठरवलं, तर तिथे गप्प राहायचं नाही. २०१३ सालचा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे.

कायद्याचं निघालंय तर आणखी सांगते. २०१७ सालचा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. तो आपल्या कामाचा आहे. कलम १८ म्हणतं की सरकारी खर्चाने चालणारी मनाच्या आजारावरची सेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि त्यात लिंग, धर्म, संस्कृती, जात, वर्ग यांवरून भेदभाव चालणार नाही. कलम २२ म्हणतं की आजाराची आणि उपचाराची माहिती त्या माणसाला समजेल अशा भाषेत आणि अशा रूपात मिळाली पाहिजे. कलम २३ गुप्ततेचं आहे. कलम ३ तर प्रत्येक गटात वाचून दाखवावं असं आहे: समाजाच्या रीतीभातीप्रमाणे वागत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. म्हणजे कातकरी बाईला तिच्या बोलीत समजावून सांगा असं आपण म्हणतो तेव्हा भीक मागत नाही, कायद्यातलंच मागतो.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नाही. जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या बाईला घरचे दवाखान्यात न्यायला घाबरतात, पोलीस केस होईल म्हणून. या कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असं माणूस प्रचंड ताणाखाली होतं असंच धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट काळजी घ्यायची जबाबदारी सरकारवर आहे. १ जुलै २०२४ पासून जी नवी न्याय संहिता आली, तिच्यात तर जुनं ३०९ कलम राहिलेलंच नाही. ही दोन वाक्यं वाडीच्या बोलीत, बाईच्या आवाजात फोनवर फिरली, तर एखादीचा जीव वाचेल.

सरकारचा टेली-मानस नावाचा फोन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला. नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालतो, २० भाषांत बोलता येतं. मराठी आहे, हिंदी आहे. कातकरी नाही, ठाकरी नाही. तरी नंबर सगळ्यांनी पाठ करा आणि वापरा. पण नुसता नंबर भिंतीवर लिहून आपलं काम संपत नाही. पहिल्यांदा फोन लावताना बाईच्या शेजारी बसा. ती अडखळली तर तिच्या परवानगीने बोला. मग थोडं लांब जाऊन बसा.

तर आता काय करायचं? मोठी संस्था लागत नाही, मोठा पैसाही लागत नाही. आमच्या गटाने जे केलं ते सांगते.

आधी आम्ही शब्द गोळा केले. प्रत्येक वस्तीत विचारलं, ‘जिवाला बरं नाही हे तुम्ही कसं सांगता?’ वही भरली. मग त्याच शब्दांत, त्याच बायांच्या आवाजात दोन-दोन मिनिटांची बोलणी फोनवर भरली. चित्र नाही, नुसता आवाज, कारण आवाजाला रिचार्ज कमी लागतो, वाचता यावं लागत नाही आणि चेहरा दिसत नाही. आम्ही शहरातल्या मजकुराचं भाषांतर केलं नाही, कारण भाषांतरात त्यांचंच ‘छंद जोपासा’ पुन्हा येतं. डॉक्टरांना ऐकवून चुका मात्र दुरुस्त करून घेतल्या. मग वाडीत ऐकवलं. बायांनी तीनदा बदलायला लावलं. एकदा म्हणाल्या, ‘ही बाई शिकवल्यासारखी बोलते.’ ती बाई मीच होते. आवाज बदलला.

प्रत्येक बोलण्याच्या शेवटी रस्ता सांगितला. ‘तज्ज्ञांचा सल्ला घ्या’ असं नाही. कुठल्या दवाखान्यात, कुठल्या वारी, कुठल्या गाडीने, कुठला कागद न्यायचा, आणि सोबत कोण येईल. अलिबागला जाऊन एका दिवसात परत येणं वाडीतल्या बाईला जमत नाही. म्हणून कशेळे, चौक, कर्जत इथल्या सरकारी दवाखान्यांत मनाच्या आजाराचे डॉक्टर कधी बसतात ते दर महिन्याला जाऊन विचारायचं, आणि बसत नसतील तर का बसत नाहीत तेही विचारायचं. मारहाण असेल तर २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा त्याच बोलण्यात सांगायचा. गोळीने मार थांबत नाही. पण मार थांबेपर्यंत बाईला झोपेची गरज असते, हेही विसरायचं नाही. आपल्या चळवळीत एकेकाळी आपण दुसरी बाजू विसरलो. सगळं समाजामुळे आहे म्हणत राहिलो आणि जिला खरोखर औषधाची गरज होती तिला उशिरा नेलं. मीही नेलं.

हे सगळं करून काय साधलं? आकडे नाहीत माझ्याकडे. एक सांगते. मागच्या पावसाळ्यात त्याच ठाकरवाडीत गेले होते. ‘नैराश्य म्हंजे कोन’ विचारणारी म्हातारी ओट्यावर बसली होती, शेजारी एक तरुण पोरगी. म्हातारी तिला म्हणत होती, ‘जीव थाऱ्यावर नाय ना तुझा? माझाबी नव्हता. चल, त्या फोनमधलं ऐकू. मग ताईसंगं कर्जतला जाऊ.’ मला पाहून दोघी गप्प झाल्या. मी तशीच पुढे गेले. त्यांचं बोलणं संपल्यावर आले.

जाताना तुम्हाला एकच काम देते. आपापल्या वस्तीत परत गेलात की पहिल्या बैठकीत व्हिडिओ लावू नका. वही घेऊन बसा, आणि बायांना विचारा, जिवाला बरं नसतं तेव्हा तुम्ही काय म्हणता? पुढच्या बैठकीला त्या वह्या घेऊन या. तिथून पुढे आपण मिळून ठरवू.